कड्यावरची केळ

सह्याद्री कुठे सुरू होतो हे मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवत आले आहे. तापीच्या दक्षिणेला सुरू होतो, किनाऱ्याला धरून खाली जातो, पश्चिमेला एकदम तुटतो आणि पूर्वेला हळूहळू उतरतो. मुलं नकाशात तपकिरी रंग भरतात, मी सही करते, तास संपतो. हा डोंगर जिथे सुरू होतो ती जागा जळगावच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या घरापासून एका दिवसात गाठता येते, पण तिथे मी कधी गेले नव्हते. सुट्टी लागली की आम्ही महाबळेश्वरला जाणारी माणसं. तिथे जाऊन स्ट्रॉबेरी खायची, थंडी वाजते म्हणून कौतुक करायचं आणि फोटो घेऊन परत यायचं.

यंदा संक्रांतीनंतर अखेर गेले ते नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी आयुष्यभर केळी केली. आमच्याकडे मृगात लावली ती मृगबाग, दिवाळीच्या सुमाराला लावली ती कांदेबाग, आणि घड उतरल्यावर बुडाशी फुटलेल्या पिलावर पुन्हा धरली ती पिलबाग. एक बाग सरते तोवर दुसरी तयार असते. त्यामुळे आमच्या शिवारात वर्षाच्या कोणत्याही दिवशी या, केळ उभी दिसणारच. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

दिवाळीच्या आसपास नाना भर दुपारी मोटारसायकल घेऊन स्वतःच्याच शेताच्या फाटकावर धडकले. फाटक तिथे किती वर्षांपासून आहे हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ते त्यांनीच बसवलं होतं. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. बाजूचं दिसतच नव्हतं. समोरचं तेवढं दिसत होतं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल तितकी टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. नानांनी विचारलं, किती टिकेल? डॉक्टर म्हणाले की तसं नेमकं सांगता येत नाही, आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

बाहेर आल्यावर नाना उसाचा रस प्यायले. गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, “महारूची केय पाह्याची राह्यली व माय.”

आमच्याकडे केळीला केय म्हणतात. आणि महारूभाऊ म्हणजे आमचे जुने सालदार, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवून वर्षभर शेतावर राहणारे. साक्री तालुक्याच्या पार पश्चिमेकडच्या एका डोंगरी पाड्यावरून ते आमच्याकडे आले आणि माझ्या शाळकरी वयापासून माझ्या लग्नापर्यंत राहिले. ते सांगायचे की आमच्या डोंगरात केळ कोणी लावत नाही, ती कड्यावर आपली आपण येते, तिला पिलं फुटत नाहीत आणि तिच्या फळात बिया असतात. बिया! आमच्या बागेत हे ऐकून माणसं पोट धरून हसायची. ज्या गावाने जन्मात केळीची बी पाहिली नाही, त्या गावाला ही थाप फारच आवडली. पुढे तर घरात कोणी थाप मारली की नाना म्हणायचे, “ही महारूची केय दिसते.” महारूभाऊ रागवायचे नाहीत. दर आखाजीला गावी जाताना मात्र म्हणायचे, एकदा या नाना, दाखवतो. नाना म्हणायचे येईन, आणि बाग त्यांना कुठे सोडत होती?

मग मोबाईलवर केव्हातरी नानांना कुणीतरी रानकेळीचा फोटो दाखवला. सह्याद्रीत असते, आमच्या सातपुड्यातही आहे म्हणतात. महारूभाऊ खरं बोलत होते. त्या दिवसापासून ‘महारूची केय’ हा शब्द आमच्या घरातून बंद झाला. आता नानांना ती केळ डोळ्यांनी पाहायची होती, आणि डोळे तर चालले होते.

खरं म्हणजे तेव्हाच, दिवाळीच्या आठवड्यात निघायला हवं होतं. पण कांदेबागेची लागवड चालू होती, माझ्या शाळेत तपासणी होती. संक्रांत होऊ दे, थंडी ओसरली की आरामात जाऊ, असं ठरलं. मी एकदा विचारलं होतं की आपण जाईपर्यंत ती असेल ना. नाना माझ्याकडे अशा नजरेने पाहायला लागले, जणू मी बाराखडी चुकले होते. “केय कुठी पयून चालली? बारा महिने उभी राह्यते ती.” आयुष्य केळीत घालवलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? मान डोलावली आणि शाळेत जाऊन पानझडी वनांचा धडा शिकवला.

देवपूर

पहिला मुक्काम धुळ्याला, देवपुरात, नानांच्या धाकट्या बहिणीकडे. माझी ही आत्या, पण सगळं जग तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणते. लग्न होऊन धुळ्याला आली तेव्हा ती आमची बोली बोलायची. आता पक्की अहिराणी बोलते आणि नानांना म्हणते की तुझं बोलणं गावठी आहे.

पांझरेच्या पुलावरून देवपुरात शिरताना नानांनी नदीला पाणी आहे का विचारलं. होतं थोडं, शेवाळलेलं. भरपूर आहे म्हणावंसं वाटलं, पण ते काच खाली करून वास घेत होते, त्यामुळे थाप पचली नसती.

अक्काने वरण-बट्टी केली होती. आमच्या बट्टीपेक्षा तिची बट्टी लहान असते आणि तूप दुप्पट असतं. नाना जेवताना ताटाच्या उजव्या बाजूचं काही खात नव्हते. अक्काने दोनदा आग्रह केला, मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने ताट थोडं फिरवलं. नानांनी वांग्याची भाजी खाल्ली आणि म्हणाले की ही आधी का नाही वाढली. अक्का आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सकाळी ती लुगडं नेसून, पिशव्या घेऊन फाटकाशी उभी. कळण्याच्या भाकरी, ठेचा, तिळगूळ, बिबडे, शेवेचा डबा. तिला कोणी बोलावलं नव्हतं. “मी बी येस तुम्हनासंगे,” ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. नाना मागे.

साक्रीच्या पुढे

धुळ्याहून पश्चिमेला निघालं की जमीन आधी काही बोलत नाही. माळ, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, मध्येच काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती. लोकांना वाटतं कोणा राजाने बांधल्या, पण त्या जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजून झाल्यात. भोवतालचा मऊ खडक झिजला आणि या उरल्या. मी हे उत्साहाने सांगायला लागले. अक्का म्हणाली, नंदा, रस्त्याकडे बघ.

साक्रीच्या आसपास पठारावर पवनचक्क्या दिसायला लागल्या. रांगेने उभ्या, काही फिरणाऱ्या, काही रुसलेल्या. हा वारा समुद्राकडून येतो. समुद्र इथून कितीतरी लांब, पण त्याचा वारा डोंगर चढून इथवर येतो, आणि पावसाळ्यात हाच वारा आपलं बहुतेक पाणी पलीकडच्या उतारावर टाकून, रिकाम्या हातांनी आमच्या खान्देशात उतरतो. आमचा उन्हाळा एवढा का तापतो याचं निम्मं उत्तर त्या डोंगरात आहे. मुलांना मी हे फळ्यावर बाण काढून शिकवते. तिथे बाण नसतात, त्यामुळे लवकर पटतं.

पिंपळनेर मागे पडल्यावर मोबाईलमधल्या बाईने आम्हाला डावीकडे वळायला सांगितलं. मी वळले. रस्ता अरुंद झाला, मग मातीचा झाला, मग कांद्याचं शेत झाला. गाडीचं पुढचं चाक ओल्या मातीत बसलं. शेतात कांद्याची लागवड चालू होती. बाया हातातली रोपं ठेवून आल्या, काही विचारलं नाही, पदर खोचले आणि गाडीला हात लावला. मला लाज वाटली, म्हणून नानांनीही उतरावं, गाडी हलकी होईल, असं मी म्हटलं. नानांनी दार उघडलं आणि सरळ बाजूच्या पाटात पाय टाकला. पाट चांगला रुंद होता, पाणी चमकत होतं. त्यांना तो दिसलाच नाही. गुडघ्यापर्यंत भिजून ते उभे राहिले आणि म्हणाले, पाणी गार हाये. बाया हसल्या, अक्काने त्यांना तिळगूळ वाटला, गाडी निघाली.

मी हसले नाही. ते घरी आम्हाला जेवढं सांगत होते त्याहून कमी दिसत होतं, हे मला त्या पाटाने सांगितलं. पुढचा रस्ता मी जरा जोरातच चालवला, जणू तासाभराने फरक पडणार होता.

इथून डोंगर पायऱ्यांनी चढतो. एक सपाटी, एक चढ, पुन्हा सपाटी. साग दिसायला लागला, पण निम्म्याहून अधिक झाडं उघडी. जी पानं होती ती तपकिरी, चाळणीसारखी. मोहाखाली पाचोळ्याचा थर. एका वळणावर नुसती खोडंच खोडं, हातभर उंचीवर कापलेली, आणि त्यांच्यामध्ये नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, जुन्या धसकटांची शेतं. आमच्या नकाशात हा सगळा पट्टा गडद हिरवा असतो. मुलांनी तसाच रंगवला नाही तर मी गुण कापते. नानांनी मागून विचारलं की जंगल लागलं का. मी म्हटलं, लागलं.

महारूभाऊंचं घर

महारूभाऊ पाड्याच्या तोंडाशी बाजेवर बसून वाट पाहत होते. म्हातारे झालेत, पण ताठ. नानांना पाहून उठले, पाया पडायला वाकले, आणि नानांनी त्यांना मध्येच धरलं. दोघं तसेच अर्धवट वाकलेले थोडा वेळ उभे राहिले. मग दोघांनाही कंबर आठवली.

कुडाच्या भिंती, वर कौलं, सारवलेलं अंगण. महारूभाऊंची सून लीला चुलीपाशी होती. तिने नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि लाल मिरचीची चटणी दिली. अक्काने आपला शेवेचा डबा उघडला आणि कोणाच्याही परवानगीशिवाय आमटीत शेव टाकली. लीलाने चाखून पाहिली आणि आणखी टाकली.

एक गोष्ट मला तिथे फार जाणवली. आमच्याकडे पाहुणा दारात आला की पाणी देता देता पहिला प्रश्न असतो, काय काम काढलं? इथे कोणी विचारत नाही. आलेला माणूस आला आहे, जेवेल, झोपेल, सांगायचं असेल तेव्हा सांगेल. विचारणं म्हणजे त्याला निघायला सांगणं, असं लीलाने मला नंतर समजावलं. हा रिवाज मला आवडला. त्या दिवशी मात्र तो आमच्या मुळावर आला.

कारण नानाही सांगेनात. फोनवरही त्यांनी फक्त ‘भेटाले येतो’ एवढंच म्हटलं होतं. केळीचा शब्द काढला नव्हता. मी तेव्हाच म्हटलं होतं, सांगा ना. पण इतकी वर्षं ज्याला हसलो त्याला फोनवर कसं म्हणायचं की तुझी केळ दाखव? समोर बसूनच बोलेन, असं त्यांचं म्हणणं. आता समोर बसले होते आणि गप्पा चालल्या होत्या बैलांच्या. आमच्या त्या पांढऱ्या बैलाचं पुढे काय झालं, विहिरीवरचा आंबा आहे की गेला, गावात आता पिलं कापायला माणसं मिळतात का. महारूभाऊंनी नानांच्या डोळ्यांबद्दल विचारलं नाही, पण पाण्याचा तांब्या देताना त्यांचा हात धरून तांब्यावर ठेवला. म्हणजे त्यांना कळलं होतं.

सकाळी चहा झाल्यावर नाना एकदम म्हणाले, “महारू, ती केय दाखव बरं आता.”

महारूभाऊंनी बशी खाली ठेवली. लीलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नाना, ती आते कोठे ऱ्हास?” ते हळू म्हणाले. “पाणी पडनं का उठस. दिवाळीनंतर बठ्ठी सुकी जास. आते निस्तं खोड दगडमा बसेल शे.”

नानांना ते समजायला वेळ लागला. आमची केळ सुकते ती एकतर रोगाने, नाहीतर पाण्यावाचून. वर्षाचे अर्धे महिने पानं टाकून, जमिनीशी मिटून राहणारी केळ त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. त्यांनी पुन्हा विचारलं की एकही पान नसेल? महारूभाऊंनी मान हलवली, आणि नानांना मान हलवलेली दिसली नसेल म्हणून नंतर तोंडाने नाही म्हणाले.

अक्काने कपाळाला हात लावला. ही गोष्ट फोनवर विचारली असती तर काय बिघडलं असतं, असं ती भावाला म्हणाली. मी अंगणात जाऊन उभी राहिले. समोर सागाचं झाड होतं, त्याला एक पान नव्हतं. पानझडी वनं, कोरड्या ऋतूत पानं गाळतात. हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. केळ हेही त्याच जंगलातलं झाड आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण मी केळीवाल्याची मुलगी आहे आणि आमच्यासाठी केळ जंगलात नसतेच.

कडा

महारूभाऊ म्हणाले की आलाच आहात तर जागा तरी पाहा. वाट सोपी होती, पण नानांना सोपी नव्हती. एका बाजूला मी, एका बाजूला महारूभाऊ. अक्का मागून सूचना देत होती. पाचोळा एवढा वाजत होता की बोलायचं तर थांबावं लागे. मध्ये ऐनाची मोठी झाडं लागली, मगरीच्या पाठीसारख्या सालीची. नानांनी एकावर हात ठेवला आणि जरा विश्रांती घेतली.

मग झाडी संपली आणि डोंगरही संपला. एकदमच. पुस्तकात ‘तीव्र उतार’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून कोणी पाऊल मागे घेत नाही. खाली गुजरातकडची रानं, एकामागे एक निळसर होत गेलेल्या टेकड्या, आणि शेवटी नुसतं धूसर. समुद्र दिसत नाही. पण इथे पश्चिमेला पडलेलं पाणी थेट त्याच्याकडे जातं. आमच्या पाठीमागे पडलेलं पांझरेत जातं, धुळ्याला जातं, तिथून तापीत, आणि आमच्याच जिल्ह्याकडून आलेल्या पाण्याबरोबर अख्खा वळसा घालून सुरतेला त्याच समुद्रात. एरवी हे मुलांना सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी मी कोणालाच सांगितलं नाही.

महारूभाऊंनी उजवीकडचा कातळ दाखवला. काळा, उभा, भेगांनी भरलेला. नीट पाहिल्यावर भेगांमध्ये तपकिरी गोळे दिसले, सुरणाच्या गड्ड्यासारखे, त्यांना वाळक्या सालींचे पदर लोंबत होते. एक, मग शेजारी दुसरा, मग सगळ्या कातळभर. पावसाळ्यात हा कातळ दगड म्हणून ओळखू येत नाही, एवढी पानं असतात, महारूभाऊ म्हणाले.

“कुठी?” नानांनी विचारलं.

मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्या दिशेला वळवलं. थोडं वर. थोडं डावीकडे. लहानपणी त्यांनी मला असंच धरून सातपुड्यावरचा वणवा दाखवला होता. ते पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते वाऱ्यामुळेही असेल.

“दगड दिसतो,” ते म्हणाले.

मग ते खाली बसले आणि महारूभाऊंना विचारायला लागले. पान केवढं? आमच्यापेक्षा रुंद की अरुंद? खोड? बुडाशी जाड आणि वर निमुळतं, महारूभाऊ म्हणाले. घड कितव्या वर्षी टाकते? त्याचा नेम नाही, कधी पाच, कधी दहा पावसाळे जातात. आणि पील खरंच नाही? नाही. एकदा घड टाकते आणि मरते, बी पडते, तिचं पुढे काय व्हायचं ते होतं. नाना ऐकत होते. त्यांच्या बागेत पिलं कापून कापून माणसं थकतात आणि इथे एका केळीला एकही पील नाही, हे त्यांना पचत नव्हतं.

महारूभाऊ कातळाच्या बुडाशी गेले, पाचोळा उकरला आणि काही बिया आणून नानांच्या तळहातावर ठेवल्या. काळ्या, टणक, चिंचोक्याहून जाड, एका बाजूने चेपलेल्या. नानांनी बोटांनी फिरवल्या. एक दाताखाली धरून पाहिली. केळीची बी.

“मी तुले लय हसलो महारू,” ते म्हणाले. “सारं गाव हसलं.”

महारूभाऊ त्यांच्या शेजारी बसले. “ते जाऊ द्या नाना. तुम्हनी केळीमा बी नही ऱ्हास, हाई मी आठे सांगं, तं हाई गाव बी माले हसनं. मी दोन्हीकडे खोटा.”

अक्का पहिल्यांदा हसली, मग आम्ही सगळेच. नाना सर्वांत जास्त हसले, पण त्यांचं तोंड कातळाकडेच होतं. हसू ओसरल्यावरही ते तिकडेच पाहत बसले. मी चला म्हटलं की ते म्हणत, थांब जरा. ऊन वर आलं, कातळ तापायला लागला, महारूभाऊंनी सागाची वाळकी पानं त्यांच्या डोक्यावर धरली. मला वाटलं, यांना उठवू नये. आणि असंही वाटलं की आपण तीन महिने आधी का आलो नाही, मागच्या वर्षी का नाही, माझ्या लग्नाच्या आधी कधीतरी का नाही. एवढा जवळ होता हा डोंगर.

परत

परतीच्या वाटेवर मी नानांना म्हटलं की चूक माझी आहे, मला कळायला हवं होतं. ते म्हणाले, उगाळत बसू नको. पुन्हा म्हटलं तेव्हा त्यांनी झोपल्याचं सोंग घेतलं. अक्का देवपुरात उतरली आणि भावाच्या गालावरून हात फिरवून आत गेली.

बिया आम्ही गावी कुंडीत लावल्या. नाना रोज मातीला बोट लावून ओल पाहायचे. उगवल्या नाहीत. उन्हाळ्यात डोळ्यांतला दाब एकदम वाढला, दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्यानंतर त्यांना खिडकी कुठे आहे एवढं कळायचं, खिडकीत काय आहे ते नाही. मृग लागल्यावर मी विचारलं, जायचं का पुन्हा? आता कड्यावर नुसती केळच केळ असेल. ते म्हणाले, पावसात घाटात गाडी घालू नको. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे केळीचा विषय टाळायला लागले, आणि आमच्या घरात केळीचा विषय टाळणं म्हणजे बोलणंच टाळणं.

श्रावणातल्या एका रविवारी मी गावी गेले होते. आई आत चहा करत होती आणि ओट्यावर नाना त्याची वाट पाहत बसले होते. मोबाईल वाजला. लीलाने कड्यावरून व्हिडिओ पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, नानांना दाखवा. आमच्या गावात रेंज कशीबशी येते. पडद्यावर एक धुरकट हिरवा चौकोन आला आणि मधोमध गोल चक्र फिरायला लागलं. मी म्हटलं, लीलाने केळ पाठवलीय. मग वाटलं, हे बोलायलाच नको होतं.

नानांनी हात पुढे केला. मी मोबाईल दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, उजवीकडे धरला, मग डावीकडे, मग जरा लांब. चक्र फिरतच होतं.

“पाह्यली,” ते म्हणाले. “लय हिरवीगार हाये. खोड बुडाशी जाड, वर निमुयतं, महारू सांगे तशीच. झालं आता. तू मनाले लावून घेऊ नको.”

मोबाईल त्यांनी माझ्या बाजूला धरला. मी हो म्हटलं, खूपच हिरवी आहे. आईने चहा आणून त्यांच्या हातात दिला, आणि ते फुंकर घालून प्यायला लागले. तेवढ्यात चक्र थांबलं. मी घाईघाईने आवाज बंद केला आणि त्यांच्या शेजारी बसून तो व्हिडिओ एकटीने पाहिला.